दगडांनी पत्रा थांबत नाही

कोणीतरी "वादळात छप्पर उडू नये म्हणून वळवाआधी पत्र्यावर दगड आणि वाळूची पोती ठेवा" असं सुचवलंय. बेळगाव जिल्ह्यात खानापूर-निपाणीकडे हे घरोघरी दिसतं, पण हिशेब करून बघा. ताशी १०० किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलो, म्हणजे १० बाय ३ फुटी पत्र्याला सव्वाशे किलोच्या वर. दहा किलोचा दगड काय करणार? उलट तोच खाली कोणाच्या डोक्यात पडतो.

पत्रा आधी कडेला आणि कोपऱ्यात उचलतो, म्हणून तिथे एक पन्हळ सोडून एक जे-हूक (पत्रा खालच्या आधाराला धरून ठेवणारा जे आकाराचा नट-बोल्ट) घ्या. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा (खोलगटात पाडलं की गळती ठरलेलीच) आणि डांबरी वायसर विसरू नका. नट फार आवळला तर पत्रा दबतो. एवढं करूनही वासे नुसते भिंतीवर टेकवलेले असतील तर अख्खं छप्परच जातं. वासे ८ गेजच्या जीआय (जस्त चढवलेल्या) तारेनं भिंतीत दगड-विटांचे तीन-चार थर खाली बांधा. वादळात वाऱ्याच्या बाजूचं दार बंदच हवं. आत शिरलेला वारा पत्र्याला खालून रेटतो.

तुटलेली विजेची तार दिसली तर बंद वाटली तरी लांब राहा, हेस्कॉमला (इकडची वीज कंपनी) १९१२ वर कळवा.