अनुभव धागा : चाकू, कोयता, अडकित्ता आणि पोलीस

खिशातला चाकू, सॅकमधली कोयती, पर्समधला स्प्रे, आजोबांचा अडकित्ता, असल्या एखाद्या वस्तूपायी पोलिसांनी नाहीतर सिक्युरिटीवाल्यांनी बाजूला घेतलंय का कुणाला? असेल तर लिहा इथे. देशातलं, परदेशातलं सगळं चालेल. वकिली सल्ला नको, अनुभव हवेत.

सुरुवात मीच करतो. गणपतीच्या दिवसांत ट्रेकवरून रात्री उशिरा परत येत होतो, गावाच्या तोंडाशी नाकाबंदी. सॅक उघडायला लावली, दोर, पातेलं, ओले मोजे, आणि खाली करवंदीच्या जाळ्या तोडायला ठेवलेली छोटी कोयती. मी लगेच तोरा दाखवला की साहेब शस्त्र कायद्यात पातं ९ इंचांच्या वर किंवा २ इंचांहून रुंद असावं लागतं, आणि शेतीची, घरकामाची अवजारं तर त्यातही धरत नाहीत. हवालदार शांतपणे म्हणाले, ते तुम्ही १९५९ च्या कायद्याचं सांगताय, मी ३७ चं विचारतोय. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१). सण, निवडणूक, मोर्चा असलं काही असलं की पंधरा-पंधरा दिवसांचे मनाई आदेश निघतात, त्यात तलवारी, भाले, सुऱ्या तर येतातच पण काठ्या-लाठ्यासुद्धा येतात. तिथे पट्टी लावून इंच मोजत बसत नाहीत. आदेश मोडला की कलम १३५. दोर बघून त्यांना ट्रेकचं पटलं, नाव-नंबर लिहून घेतला आणि कोयती गाडीच्या डिकीत तळाला टाकायला लावली. तेव्हापासून पेपरात 'हत्यार कायदा ४, २५ सह ३७(१), १३५' अशी ओळ आली की मी पूर्ण बातमी वाचतो.

लंडन

मी नेटवर्क केबलिंगचं काम करतो, कामाच्या कोटात मल्टिटूल (पक्कड, स्क्रूड्रायव्हर, चाकू सगळं एकात) असतंच. शनिवारी तोच कोट घालून बायको-पोरांसोबत बाहेर पडलो, ट्यूब (मेट्रो) स्टेशनवर पोलिसांनी मेटल डिटेक्टरची कमान लावलेली, तीत वाजलं. मला वाटलं बेल्ट असेल. निघालं टूल. इकडचा नियम ऐकून सगळ्यांना माहीत असतो की ३ इंचांपर्यंतचा घडीचा चाकू चालतो, माझं पातं तर त्याहून लहान होतं, पण खुबी अशी आहे की पातं उघडल्यावर लॉक होत असेल तर तो घडीचा चाकू धरतच नाहीत, मग लांबी कितीही असो. लॉकवाला बाळगायचा तर सबळ कारण लागतं. काम हे सबळ कारण आहे, पण शनिवारी दुपारी पोरांना म्युझियमला नेताना कसलं काम? ऑफिसर सभ्य होता, पोरांसमोर आवाज चढवला नाही, माझं कंपनीचं कार्ड बघितलं, कुठल्या साइटवर असतोस वगैरे विचारलं. मधेच सहज विचारल्यासारखं म्हणाला, संरक्षणासाठी ठेवतोस का? बायको मागून मराठीत म्हणाली, हो म्हणू नको हं. तिने ऑफिसच्या कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं की इथे ते कारण धरतच नाहीत, उलट तेच अंगाशी येतं. टूल जप्त झालं, मला कागद देऊन सोडलं. १९८८ च्या कायद्यात याला चार वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे घरी येऊन वाचलं आणि चहा गार झाला.

लेस्टर

वरच्यांच्या मानाने माझं किरकोळ. इंग्लंडात आल्यावर पहिल्याच आठवड्यात कांदा कापायची सुरी घ्यायला गेलो, सेल्फ चेकआउटचा लाल दिवा पेटला, बाई आली म्हणाली आयडी दाखव. १८ खालच्यांना सुरी विकता येत नाही. मी सांगलीहून मास्टर्स करायला आलेला, दाढी हातभर, तरी पासपोर्टसाठी रूमवर परत. रूममेटने बजावलं, येताना पावती टाकू नको आणि पॅकिंग रस्त्यात फोडू नको.

पुणे (बाबांच्या वतीने)

बाबांचा अडकित्ता पितळी आहे, त्यांच्या वडिलांचा, मोर कोरलेला. विमानाने बेंगळुरूला भावाकडे निघाले तर पानाची चंची हँडबॅगेत. एक्सरेमध्ये अडकित्ता दिसल्यावर बॅग बाजूला. ड्यूटीवरची मुलगी ईशान्येकडची असावी, तिने तो उघडला, मिटला, दोन्हीकडून बघितला, ये क्या है अंकल. बाबांचं हिंदी आधीच जेमतेम, त्यात टेन्शन, म्हणाले 'सुपारी फोडने का'. सुपारी शब्द ऐकून शेजारचा जवान वळून बघायला लागला!! मग बाबांनी चंचीतली सुपारी काढली आणि करून दाखवतो म्हणाले. नको नको म्हणाली ती. शेवटी तिने सरळ पर्याय सांगितले, परत जाऊन चेक-इन करा, कुणी सोडायला आलंय त्यांच्याकडे द्या, नाहीतर इथे टाका. बाबा म्हणाले टाकणार तर मीच विमानात बसत नाही. जावई पार्किंगमधून निघायच्या बेतात होते, त्यांना फोन करून गेटपर्यंत बोलावलं, कुणीतरी सोबत येऊन तो त्यांच्या हातात दिला. विमान मिळालं. बेंगळुरूला बाबांनी आठवडाभर पाकिटातली कातरलेली सुपारी खाल्ली आणि रोज भावाला ऐकवलं.

कोल्हापूर

आमची मर्दानी खेळाची तालीम हाय, त्यामुळं तलवारी, दांडपट्टे, भाले टेम्पोत घालून गावोगाव नेणं हे आमचं नेहमीचं. ते करताना काय लागतं ते सांगतो. कार्यक्रमाचं निमंत्रण पत्र, पोलीस ठाण्याला आधी अर्ज, तालमीच्या लेटरहेडवर कुठलं हत्यार किती त्याची यादी, आणि सगळं गुंडाळून बांधलेलं. एकदा यादी घरी राहिली तर तीन तास ठाण्यात बसलोय, पोरं बाहेर पायरीवर वडापाव खात होती, हत्यारं टेबलावर मांडलेली. साहेबांनी वस्तादांना फोन लावला मग सुटलो. त्यात आम्हाला राग न्हाई, त्यांचं काम हाय.

राग हाय तो 'भाईचा बड्डे' वाल्यांचा. रस्त्यावर बोनेटवर केक ठेवायचा, तलवारीनं कापायचा, पाठीमागं गाणं, आणि वरून स्वतःच रील टाकायचं. आमच्या शेजारच्या पोराचं हेच झालं. तलवार कुणाची तर लग्नात नवरदेवाला धरायला आणलेली. रील रात्री टाकलं, सकाळी गाडी दारात. त्याची आई म्हणती अहो तिला धारच न्हाई, केकसुद्धा नीट कापला न्हवता, चिरडला नुसता. कलमं लागली ती लागलीच, कलम ४/२५ म्हंजे एक वर्षापास्नं तीन वर्षापर्यंत हाय, आणि आता तो पोरगा भरतीची तयारी सोडून तारखांना जातोय. पोलीस भरतीचीच करत होता म्हंजे बघा. दसऱ्याला घरात शस्त्रपूजन करा की, कोण अडवतंय, पण पट्टा फिरवायला आमच्याकडं वर्षं घालवावी लागतात आणि ह्यांना केकला तलवार पायजे.

बीड, सध्या पुण्यात

कोयत्याचं बोला कुणीतरी. आमच्याकडं ऊसतोडीला कोयता म्हणजे भाकरी, नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आणि पुण्यात कोयता म्हटलं की बातमी. २०२३ च्या सुरुवातीला कोयता गँगचा धुमाकूळ झाला तेव्हा पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा. मामा कारखान्यावरून मला भेटायला आले, पोत्यात बिऱ्हाड, त्यात कोयते. स्टँडवर अडवलं. त्यांनी हात पुढे केले, तळहात बघा म्हणाले. पोलिसाने बघितले आणि जा म्हणाला. आता सगळ्यांकडे असे तळहात असतील असं नाही, पण नारळपाणीवाला, कसाई, माळी यांना रोज हेच.

टोकियो

जपानमध्ये लोकांना वाटतं पोलीस परदेशी माणसाला हात लावत नाहीत. अकिहाबाराला लावतात. २००८ मध्ये तिथे भर रस्त्यात ट्रक आणि खंजीर घेऊन एकाने सात जणांना मारलं, त्यानंतर खंजिरांचा कायदा आणखी कडक झाला. मला थांबवलं, बॅग दाखवायची विनंती फार अदबीने करतात, आणि आत स्विस नाईफ. ६ सेंटिमीटरच्या वर पातं असेल आणि कारण नसेल तर शस्त्र कायदा, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड. माझं लहान होतं म्हणून मी निवांत, पण लहान असलं तरी विनाकारण लपवून बाळगणं हा किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात येतो. कारण विचारलं तर मी म्हणालो भूकंप वगैरे झाला तर उपयोगी पडेल. मला वाटलं जपानी माणसाला हे ताबडतोब पटेल. नाही. 'कधीतरी लागेल म्हणून' हे कारण नाही, आज कशाला लागणार ते सांगा. कोबानमध्ये, म्हणजे त्यांच्या छोट्या चौकीत बसवलं, जबाब लिहिला, बॉसला फोन गेला (हे सगळ्यात वाईट). चाकू मी स्वखुशीने सोडून देतो असं लिहून दिलं. गंमत म्हणजे नंतर काप्पाबाशीतून (भांड्या-सुऱ्यांचा बाजार) मासे कापायची लांबलचक सुरी विकत घेतली, दुकानदाराने खोक्यात घालून टेप मारून दिली, ती घेऊन तसाच मेट्रोने घरी आलो, कारण विकत घेऊन घरी नेणं हे कारण आहे.

मँचेस्टर

मुलींसाठी लिहिते. चाकू नाही, पेपर स्प्रे. आईने निघताना बॅगेत घातला, आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतो, कुणी काही म्हणत नाही. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या आठवड्यात पोलिसांचं भाषण होतं, त्यात कळलं की इथे पेपर स्प्रे चक्क बंदुकांच्या कायद्यात येतो, नुसता जवळ ठेवला तरी गुन्हा. माझ्या पायाखालची जमीन सरकली कारण तो त्या क्षणी पर्समध्ये होता. भाषणानंतर स्टुडंट ऑफिसच्या बाईंना सांगितलं, त्यांनी पोलिसांना बोलावून माझ्यासमोर देऊन टाकला, नाव सोडून काही विचारलं नाही. आईला सांगितल्यावर आई म्हणे मग मुलींनी करायचं काय तिथे. पर्सनल अलार्म चालतो, कर्कश वाजणारा. चाकूचा तर विचारही नको, वर लिहिलंयच.

>> हे महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईला फॉरवर्ड करा.

फ्रँकफर्ट

जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू २००८ पासूनच बाहेर बाळगायचा नाही, आणि १२ सेंटिमीटरवरचा न मिटणारा पण नाही. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापासून अजून वाढवलं, जत्रा-उत्सव, लांब पल्ल्याच्या ट्रेन, चाकू नकोच. आम्ही हॅम्बुर्गला दिवाळीच्या फराळाला निघालो, बायकोच्या झोळीत कलिंगड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी (दिवाळीत कलिंगड कशाला हे मला विचारू नका). स्टेशनवर तपासणी. दंड १० हजार युरोपर्यंत होऊ शकतो हे ऐकून मीच घामाघूम. पण त्यांनी समजावून सांगितलं, न्यायची असेल तर बंद डब्यात, पटकन हाती येणार नाही अशी. लाडवांचा डबा रिकामा करून त्यात सुरी, त्यावर चिकटपट्टी, तो सुटकेसच्या तळाशी. लाडू पिशवीत बसून भुगा झाले.

न्यू यॉर्क

इथे ४ इंच आणि त्यावरच्या पात्याचा चाकू चालत नाहीच, पण लहान असला तरी उघड दिसता कामा नये, म्हणजे जीन्सच्या खिशाला क्लिप अडकवून फिरायची जी फॅशन आहे तीच अडचणीची. भावाने टेक्ससहून येताना तसाच आणलेला. तिकडे साडेपाच इंचांवरचासुद्धा २०१७ पासून बहुतेक ठिकाणी चालतो, त्यामुळे त्याला पटेचना. कोर्टाची तारीख मिळाल्यावर पटलं.

नांदेड

आमच्या गावात गुरुद्वाऱ्यामुळे कृपाण दुकानादुकानात. बाहेरचे लोक आठवण म्हणून घेतात आणि शिखांना चालतं मग मला का नाही म्हणून वाद घालतात. अरे बाबा त्यांना राज्यघटनेच्या कलम २५ मध्येच दिलंय, तुला नाही. माझा मित्र अमृतधारी (दीक्षा घेतलेला शीख) आहे, त्याच्याबरोबर विमानाने गेलो तेव्हा त्याची कृपाण पट्टी लावून मोजली, पातं ६ इंच, एकूण ९ इंच, त्याच्या आत हवी आणि देशांतर्गत विमानातच. त्याला पाच मिनिटात सोडलं. मला मात्र नेलकटरच्या जुडग्यातल्या इवल्याशा पात्यापायी थांबवलं, तो अजून हसतो.

मेलबर्न

कोकणातून आणलेला कोयता वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये होता, नारळ सोलायला आणि बागेत केळीची पानं तोडायला. व्हिक्टोरियात १ सप्टेंबर २०२५ पासून माचेटी (कोयत्यासारखं लांब पातं) घरात ठेवायलाही बंदी आली, २० सेंटिमीटरच्या वरचं पातं. स्वयंपाकाच्या सुऱ्या वगळल्यात, शेतीवाल्यांना सूट आहे. माझी शेती म्हणजे परसात दोन केळी. मी आमचा कोयता स्वयंपाकाचा आहे असं स्वतःला पटवून बघितलं, बायको म्हणाली मग ओट्यावर ठेव. शेवटी पोलीस स्टेशनबाहेर जमा करायच्या पेट्या ठेवलेल्या त्यात नेऊन टाकला, गुंडाळून, डिकीत ठेवून. सध्या नारळ हातोडी आणि स्क्रूड्रायव्हरने फोडतोय, पाणी निम्मं ओट्यावर. कुणाकडे बरी युक्ती असेल तर सांगा, श्रावण येतोय.