अ‍ॅम्बॅसडरच्या मॅनिफोल्डचे गंजलेले नट कसे सोडवावेत?

विचारणा (धरमपेठ, नागपूर)
वडिलांची मार्क टू अ‍ॅम्बॅसडर अनेक पावसाळे उघड्यावर उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम मी घरीच हाती घेतले आहे. १४८९ सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनाचा मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा नळ्यांचा भाग, काढताना दोन नट जागचे हलत नाहीत. त्यांपैकी एकाचे कोपरे १३ मिमीच्या पान्याने गोल झाले आहेत. शिवाय एक स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला असून त्याचा जेमतेम सेंटिमीटरभर तुकडा बाहेर आहे. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, न उतरवता हे काम होईल का? थेट गॅसची ज्योत लावावी का?

उत्तर (इतवारी)
आधी पाना बदला. या इंजिनाचे आटे इंचाच्या मापाचे आहेत आणि त्या नटाला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिमीचा पाना लागतो. १३ मिमीचा बसतो खरा, पण ०.३ मिमीची ती मोकळीक गंजलेल्या नटाचे कोपरे खायला पुरेशी असते. बारा कोनी सॉकेटऐवजी सहा कोनी घ्यावे. उघडे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करून पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारे पातळ तेल) सोडावे, नटावर हलके ठोके द्यावेत आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी नट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवावा, कारण गंजाची पकड त्यानेही मोडते. नटाच्या कडेने तांबूस तेल पाझरू लागले, की तो सुटू लागला असे समजावे. मात्र तेव्हा एकदम न ओढता थोडा पुढे, थोडा मागे असा खेळवत आणावा.

उत्तर (वर्धमाननगर)
वरील सल्ला योग्य आहे, परंतु वर्षानुवर्षे एक्झॉस्टच्या उष्णतेत भाजलेल्या आट्यांत तेल फारसे आत शिरत नाही, असा माझा अनुभव आहे. तेथे उष्णताच कामी येते. ज्योत स्टडवर न धरता नटावर धरावी, म्हणजे नट आधी प्रसरण पावतो आणि पकड सैल होते. नंतर गरम आट्यांना मेणबत्तीचे मेण लावावे. ते वितळून आत ओढले जाते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. या इंजिनात कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्याच बाजूला असतो. तो उतरवून, पेट्रोलची नळी बंद करून, गाडी मोकळ्या हवेत आणल्याशिवाय ज्योत पेटवू नये. नागपूरच्या मे महिन्यात पेट्रोलची वाफ किती झपाट्याने होते हे आपण जाणताच. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावरही ज्योत नको, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

कोपरे गेलेला नट वाचवण्याचा आटापिटा करू नये. नट स्प्लिटरने किंवा धारदार छिन्नीने तो उभा चिरावा. नट चार पैशांचा असतो. जपायचा असतो तो स्टड.

उत्तर (सक्करदरा)
तुटलेल्या स्टडसाठी हेड बहुधा उतरवावे लागणार नाही. बॅटरीचे कनेक्शन काढावे, उरलेल्या तुकड्यावर नवा नट ठेवून त्याच्या भोकातून आत वेल्डिंग भरावे आणि लाली उतरल्यावर पान्याने हळूहळू फिरवावे. वेल्डिंगची उष्णताच अर्धे काम करते. स्टड पृष्ठभागाशी सपाट तुटला असता, तरच ड्रिलचा विचार करावा लागला असता. ईझी-आउट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून तो उलटा फिरवून काढण्याचे हत्यार) शेवटी वापरावा, कारण तो कठीण पोलादाचा असतो आणि आत तुटला तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही.

जोडणी करताना पितळी नट वापरावेत. ते स्टडवर गंजून बसत नाहीत. स्टड बसवण्यापूर्वी हेडमधील आट्यांतून ५/१६ इंची यूएनएफचा (बारीक आट्यांचा) टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, हाताने फिरवून घ्यावा.