मदत हवी आहे: वाळवंटांवरचा चांगला संदर्भग्रंथ
नमस्कार मंडळी. भाची एमएस्सीला आहे, तिला जगातल्या वाळवंटांच्या परिसंस्थेवर पुस्तक हवंय. सीताबर्डीचे जुने पुस्तकवाले पालथे घातले; मिळतं ते सगळं उंट आणि सहारा! तिला हवंय ते असं: नामिब वाळवंटातला एक भुंगेरा धुक्यात डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेले थेंब घरंगळत थेट तोंडात येतात. गोबी, लडाखसारखी थंड वाळवंटंही हवीत. वर्षाला 250 मिमीपेक्षा कमी पाऊस हा निकष धरला तर अंटार्क्टिकाही येतं म्हणा, पण ते नसलं तरी चालेल. मराठीत असेल तर उत्तमच. नव्या पुस्तकांच्या किमती काही झेपत नाहीत, तेव्हा नागपुरात कुठल्या वाचनालयात बसून वाचायला मिळेल का?