‘ॲव्हरेज’, ‘मायलेज’ आणि ‘इंधन कार्यक्षमता’: वर्गात कोणता शब्द धरावा?

प्रश्न

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना वाहनांच्या इंधनवापराविषयी शिकवायचे आहे. बोलताना आपण ‘गाडीचे ॲव्हरेज’ म्हणतो, जाहिरातींत ‘मायलेज’ दिसते आणि लेखी मराठीत ‘इंधन कार्यक्षमता’, ‘इंधन क्षमता’ व ‘इंधन बचत’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. या सर्वांचा अर्थ एकच आहे का? नसेल, तर मुलांसमोर कोणता शब्द ठेवावा?

प्रतिसाद

अर्थ एक नाहीत, आणि ते वेगळे ठेवले तर अर्धा पाठ शब्दांच्या स्पष्टीकरणातूनच शिकवून होतो, असे मला वाटते.

‘इंधन क्षमता’ हा शब्द सरळ बाजूला ठेवावा, कारण त्यातून टाकीत किती इंधन मावते एवढाच अर्थ निघतो. ‘इंधन बचत’ म्हणजे दोन वापरांमधला फरक. तो एकट्या गाडीचा गुणधर्म असू शकत नाही.

‘कार्यक्षमता’ या शब्दाबाबत मात्र काळजी घ्यायला हवी. भौतिकशास्त्रात कार्यक्षमता म्हणजे मिळालेले उपयुक्त कार्य आणि पुरवलेली ऊर्जा यांचे गुणोत्तर. त्याला एकक नसते आणि ते टक्क्यांत सांगतात. पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी साधारणपणे पाव ते एक तृतीयांश भागाचेच कार्यात रूपांतर करते व उरलेली ऊर्जा मुख्यतः धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाला अशी मर्यादा असणारच, हे फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच दाखवून दिले होते. हे शिकलेल्या विद्यार्थ्याला आपण ‘या गाडीची कार्यक्षमता १८ आहे’ असे सांगितले, तर ‘कितीपैकी १८?’ हा त्याचा प्रश्न अगदी योग्य ठरतो. शिवाय तेच इंजिन अधिक जड किंवा समोरून अधिक रुंद असलेल्या गाडीत बसवले, तर इंजिनाची कार्यक्षमता जवळपास तेवढीच राहूनही एका लिटरमध्ये कापले जाणारे अंतर घटते. म्हणून ‘कार्यक्षमता’ हा शब्द इंजिनासाठी राखून ठेवावा आणि गाडीसाठी दुसरा शब्द वापरावा.

तो दुसरा शब्द म्हणून ‘ॲव्हरेज’ला वर्गातून हाकलून देऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. मुले तो शब्द घरातून घेऊन येतात आणि ‘ॲव्हरेज म्हणजे कशाची सरासरी?’ एवढे विचारले की गणित आपोआप सुरू होते. समजा, एका गाडीने १०० किलोमीटर अंतर शहरात लिटरला १० किलोमीटर या दराने कापले आणि पुढचे १०० किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर लिटरला २० या दराने कापले. बहुतेक विद्यार्थी सरासरी १५ सांगतील. प्रत्यक्षात आधी १० आणि नंतर ५ असे एकूण १५ लिटर इंधन लागले, म्हणजे २०० भागिले १५, सुमारे १३.३. एकूण अंतराला एकूण इंधनाने भागायचे असते, दोन दरांची बेरीज करून निम्मे करायचे नसते, हे या उदाहरणातून पक्के होते. ‘मायलेज’ याच अर्थाचा शब्द आहे. त्यात मैल दडलेला असूनही आपण त्याचे माप किलोमीटरमध्ये सांगतो, एवढे सांगून पुढे जावे.

तरीही दोन गाड्यांची तुलना करताना केवळ ‘लिटरला किती किलोमीटर’ या मापावर थांबू नये. लिटरला ८ किलोमीटर जाणारी गाडी बदलून १० जाणारी घेतली, तर दर १०० किलोमीटरमागे १२.५ ऐवजी १० लिटर, म्हणजे अडीच लिटर वाचतात. २० वरून २५ वर गेल्यास मात्र ५ ऐवजी ४, म्हणजे एकच लिटर वाचतो. आकड्यांतली मोठी उडी दुसरीकडे आहे, पण इंधन पहिलीकडे अधिक वाचते. ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये दाखवले की प्रौढ माणसेही येथे नेमकी फसतात. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर लागतात असे उलटे माप रूढ आहे, आणि दोन्ही मापे शेजारी लिहून ते शिकवावे.

या उलट्या मापात एक सुंदर गोष्ट दडली आहे, जिच्यासाठी पाच मिनिटे जरूर द्यावीत. लिटर हे घनफळ आहे आणि किलोमीटर ही लांबी. घनफळाला लांबीने भागले की क्षेत्रफळ उरते. १०० किलोमीटरला ५ लिटर म्हणजे ०.०५ चौरस मिलिमीटर. गाडी जळणारे इंधन रस्त्यावरून धाग्यासारखे अंथरत चालली आहे अशी कल्पना केली, तर तो धागा पाव मिलिमीटर जाडीचा असेल.

दुसरा प्रश्न

या उलट्या मापाला ‘इंधनाचा खप’ म्हणावे का?

उत्तर

म्हणू नये. ‘खप’ म्हटले की मराठी वाचकाला बाजारातील विक्री आठवते. ‘पेट्रोलचा खप वाढला’ हे वाक्य एका गाडीबद्दल नसून साऱ्या ग्राहकांबद्दल असते. ‘इंधनवापर’ हा शब्द स्वच्छ आहे, आणि बोलताना ‘शंभर किलोमीटरला किती लागते’ एवढे पुरते. ‘ही गाडी पेट्रोल फार खाते’ असे आपण म्हणतो तेव्हा याच मापाच्या दिशेने विचार करत असतो. एक अडचण मात्र सांगायला हवी: इंजिन चालू ठेवून गाडी उभी असेल, तर अंतर शून्य असल्याने लिटरला किलोमीटर हे माप शून्यावर येते आणि उलटे माप तर काढताच येत नाही. तेथे ‘तासाला किती लिटर’ असेच विचारावे लागते.

तिसरा प्रश्न

सीएनजी आणि विजेवरच्या गाड्यांचे काय?

उत्तर

सीएनजी किलोवर मोजतात, म्हणून तेथे ‘किलोला किती किलोमीटर’ असे म्हणावे लागते आणि हा आकडा पेट्रोलच्या आकड्याशेजारी तसाच ठेवू नये. डिझेलच्या बाबतीतही थोडी सावधगिरी हवी, कारण एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा अधिक ऊर्जा असते. ते जळून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तर पेट्रोलपासून सुमारे २.३ किलो. विजेच्या गाडीत इंधनच जळत नसल्याने ‘ऊर्जावापर’ म्हणावे आणि तो १०० किलोमीटरला किती किलोवॅट-तास असा लिहावा. पेट्रोलशी तुलना करायची असल्यास एक लिटर म्हणजे सुमारे ९ किलोवॅट-तास हे रूपांतर चालते. मात्र वीज तयार करताना वीजकेंद्रात गमावलेली ऊर्जा या आकड्यात धरलेली नसते, हे त्याच तासात सांगून टाकावे.