गाडीतला नको तितका गुंता : तुमचे अनुभव लिहा

माजिवडेकर : काल पुलाखाली एक रिक्षावाला हेडलाइटचा बल्ब बदलत होता. हातात फक्त एक पाना. बाबांची मारुती ८०० आठवली. मागची रबरी टोपी काढा, तारेची क्लिप सरकवा, नवा बल्ब आत. बाबा हे काम आम्हा भावंडांकडून करून घ्यायचे. आताच्या गाडीचा बल्ब गेला तर म्हणे बंपर उतरवावा लागेल, गाडी ठेवून जा. बल्बपेक्षा मजुरी जास्त! जी वस्तू कधीतरी जाणारच, तिथे हात पोचेल एवढी जागा का ठेवत नाहीत? फार राग येतो.

खारघर३५ : तुमचा बल्ब तरी सुटा मिळतो ताई. आमच्या एलईडीची एक बारीक पट्टी विझली, तर अख्खा दिवा बदला म्हणाले.

डिझेलप्रेमी : डीपीएफवाले कुणी आहे का इथे? २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारी ही डीपीएफची जाळी. ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगलाच तापावा लागतो, म्हणजे गाडी एका वेगात बराच वेळ पळायला हवी. घोडबंदर रोडला कुठे पळवू? गायमुखला पहिल्या गिअरमध्येच तास जातो. जाळी भरल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा लागला की रविवारी पहाटे पनवेलच्या पुढे एक्सप्रेसवेला फेरी मारून येतो. धूर कमी व्हावा हे मान्यच, मुलीला दमा आहे माझ्या. पण शहरात रोज फिरणाऱ्याला गाडी विकतानाच हे सांगायला हवं.

नेरुळकर : @डिझेलप्रेमी मुलगी कशी आहे आता? पावसात जपा.

डिझेलप्रेमी : बरी आहे हो काका, पंप चालू आहे.

वाशीची सून : मला एसीचं लिहायचंय. पावसात काच धुरकटते, हवा काचेवर वळवायची तर स्क्रीनवर आधी मेनू, मग चित्र, मग बोट. सायन-पनवेलच्या खड्ड्यांत बोट भलतीकडेच पडतं. जुन्या गाडीत न बघता गोल बटण फिरवायचे. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं असतील तर गुण ठेवलेत. एसीलाही हवेत! कुकर झालाय, नंतर लिहिते

गॅरेजवाला वागळे : इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर मागचे ब्रेकपॅड बदलायलाही बहुतेक गाड्यांत स्कॅनर जोडून पिस्टन मागे घ्यावा लागतो. जोर लावून ढकलला तर हँडब्रेकची मोटर जाऊ शकते. गिऱ्हाईकाला वाटतं आम्ही उगाच पैसे लावतो. हात आमचेही तेच आहेत हो, पण स्कॅनर घ्यायचा, मग दरवर्षी त्याच्या सॉफ्टवेअरचे पैसे भरायचे. छोटी गॅरेजं यातच मोडतात.

माजिवडेकर : दादा, ही बाजू माहीतच नव्हती. बंपर न उतरवता बल्ब बदलता येईल का? मॉडेल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गॅरेजवाला वागळे : करा. काही गाड्यांत चाकाच्या आतलं प्लास्टिक सोडवलं की हात जातो. बघून सांगतो.

खारघर३५ : मलाही सांगा. आणि गायमुखला आत्ता ट्रॅफिक कसाय? निघायचंय.