डीएनए टेस्टमध्ये डायबिटीसची हाय रिस्क आलीय, म्हणजे मला होणारच का?

कोथरूडकर: वय ३४, वजन ६२, उंची ५ फूट ७. आई-बाबा दोघांनाही शुगर, आजोबांचा तर पायाचा अंगठा काढावा लागला होता. ऑफिसमधल्या मित्राच्या सांगण्यावरून लाळेची डीएनए टेस्ट केली, त्यात टीसीएफ७एल२ नावाच्या जीनपुढे 'टीटी, हाय रिस्क' असं लाल अक्षरात आलंय आणि रक्ताच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.८. मी तर बारीक आहे मग मला कशी रिस्क? आणि बायकोला दिवस गेलेत, बाळाकडे पण जाणार का हे? खरंच झोप उडालीय.

भटकंती_नाशिक: जीन-बिन सोडा हो, भात आणि साखर बंद करा, काही होत नाही.

जनुककट्टा: नाशिककर, इतकं सोपं नाहीये. टीसीएफ७एल२ चा डायबिटीसशी संबंध २००६ साली आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला आणि पुढच्याच वर्षी आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने तो पुण्यातल्या पेशंटमध्येही सापडल्याचं छापलं. प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यातली एक रिस्कवाली म्हणजे 'टी' असली की रिस्क साधारण १.४ पट, दोन्ही असल्या तर 'टीटी'. म्हणजे समजा शंभरातल्या १० जणांना डायबिटीस होत असेल, तर एक कॉपीवाल्यांत १३-१४ जणांना आणि टीटीवाल्यांत १८ च्या आसपास. उरलेल्या ८० च्या वर लोकांना टीटी असूनही होत नाही, हे त्या लाल अक्षरांत कुठेच लिहिलेलं नसतं. आणि हा एकटा जीन नाही, असे शेकडो बदल सापडलेत, बहुतेकांचा वाटा याहून कितीतरी लहान. त्यामुळे माझ्या मते आई-बाबा दोघांना शुगर असणं आणि तुमचा ५.८ आकडा, या दोन गोष्टी त्या रिपोर्टपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या आधीची पायरी.

बारीक असण्याचं म्हणाल तर पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ मधला फोटो बघा, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ च, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर हे दिसत नाही, पोटाचा घेर मोजा.

कोथरूडकर: बापरे, घेर कधी मोजलाच नाही. मग आता करायचं काय?

जनुककट्टा: अमेरिकेतल्या मोठ्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये प्रीडायबिटीसवाल्यांचे जीन तपासले होते, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीच्या (प्लासिबो) गटात टीटीवाल्यांना डायबिटीस जास्त झाला, पण ज्यांना आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजन कमी करायला लावलं त्यांच्यात टीटीचा तो फरक जवळपास दिसेनासा झाला. तुम्हाला वजन उतरवायचं नाहीये, चरबी कमी करून स्नायू वाढवायचेत, तेव्हा चालण्यासोबत थोडे वजनांचे व्यायाम पण करा आणि डॉक्टरांना विचारून शुगर पुन्हा तपासून घ्या.

सांगलीची_ताई: दादा, बाळाबद्दल मी सांगते, मी नर्स आहे. तुम्ही टीटी म्हणजे एक टी बाळाकडे जाणारच, तुमच्याकडे द्यायला दुसरं काही नाहीच, पण त्याने बाळाला डायबिटीस ठरत नाही. त्यापेक्षा वहिनींची ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट झाली का ते आधी विचारा. पहिल्या भेटीत एकदा आणि नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायची असते, खूप जणी दुसरी टेस्ट राहू देतात. पोटात असताना आईची शुगर वाढलेली राहिली तर मुलाला पुढे लठ्ठपणा आणि डायबिटीसची रिस्क वाढते, आणि ही शुगर वेळेत कळली तर आटोक्यात ठेवता येते.

कोथरूडकर: पहिली झालीय, नॉर्मल होती. आता २२ वा आठवडा चालू आहे, दुसरीची तारीख उद्याच घेतो ताई.