केनेडी हसली की हसला?

सायली_भाषांतर: एका अमेरिकन बालकथेत अडकले आहे. नायिकेचं नाव केनेडी. इंग्रजीत ती मुलगी आहे हे दुसऱ्या पानावर कळतं, आपल्याकडे पहिल्याच क्रियापदात सांगावं लागतं. मी 'हसली' लिहिलं. मुद्रितशोधकांनी सगळीकडे 'हसला' केलं, कारण केनेडी म्हणजे पुरुष! वाचकाला खटकू नये म्हणून काय करू?

वसईचा_पोरगा: मलाही 'हसली' खटकलं. आमच्या आळीत केनेडीकाका होते, जन्म १९६४ चा. आदल्या नोव्हेंबरात अमेरिकेचा पहिला कॅथलिक अध्यक्ष मारला गेला, म्हणून आजीने ते नाव ठेवलं. मुलीचं ऐकलं नाही कधी.

मूळशोधक: अमेरिकेत १९९० नंतर मुलींमध्येच जास्त रुळलं. मूळ आयरिश आडनाव 'ओ किन्येदे'. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. ब्रायन बोरू राजाच्या पुतण्याचं हे नाव, त्याच्या वंशजांचं आडनाव झालं. अर्थ: शिरस्त्राण घातलेलं डोकं.

रा_वि: शिरस्त्राण नाही. जुनं रूप 'केन्नेतिग', त्यातला 'एतिग' म्हणजे कुरूप. कुरूप डोक्याचा! शिरस्त्राण ही मागाहूनची सारवासारव वाटते. आणि मराठीत केनेडी का लिहायचं? किन्येदे लिहा.

मूळशोधक: कुरूप हा अर्थ मीही वाचलाय, पण पोटच्या पोराला असं नाव कोण ठेवेल?

रा_वि: आपल्याकडे दगडू, धोंडू नाहीत? दृष्ट लागू नये म्हणून ठेवतातच की.

वसईचा_पोरगा: किन्येदे लिहिलं तर काकांना स्वतःचं नाव ओळखू आलं नसतं. नाव ज्याचं त्याच्या तोंडी जसं, तसं.

रा_वि: मग शिंद्यांचं सिंधिया झालं तेही चालतं म्हणा! इंग्रजांनी वाकडं लिहिलं आणि आपण तेच गिरवलं.

मीरा_डब्लिन: इथे आयरिशमध्ये बाईच्या आडनावाला 'ओ' लागतच नाही. लेक असेल तर 'नी हिन्येदे', नावाचं पहिलं अक्षरही मऊ होतं. सून असेल तर 'उई'. कुणाची लेक, कुणाची सून ते आडनावातच कळतं.

सायली_भाषांतर: मीरा, हे सुंदर आहे. पण माझी केनेडी अजून दारातच उभी आहे.

रा_वि: 'उई' लावल्यावरही अक्षर मऊ होतं का?

मीरा_डब्लिन: हो, तिथेही हिन्येदेच.